पांढरी बुकटी

संपादकांचा फोन आला तेव्हा जूनचा दुसरा आठवडा होता. यंदाच्या अंकाचं सूत्र ‘मीठ’. मिठागरं एकाने आधीच पटकावली होती, दांडी दुसऱ्याने, लोणची-पापड तिसरीने. “तुम्ही बघा काहीतरी,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला आधी आठवले ते वेंगुर्ल्याच्या आमच्या घराचे खिडकीचे गज. दरवर्षी गणपतीआधी रंगवायचे आणि होळीपर्यंत पुन्हा पापुद्रे. मग आठवले शेजारचे काका. ते नौदलात होते, पण बोटीवर नव्हे. तीसेक वर्षं त्यांनी विमानांची काळजी घेतली, त्यातली बरीचशी गोव्यातल्या दाबोळीला. मिठाबद्दल मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, “बोगमाळ्याक चल गो. थंय दाखवतंय.”

बोगमाळोच्या पावसात

दाबोळी विमानतळाच्या पलीकडे, बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८मध्ये सुरू झालेलं. मोकळ्या आवारात जुनी विमानं उभी आहेत. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर आणि या सगळ्यांवर मान काढून उभं चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन. हे विमान एके काळी एअर इंडियाचा दिमाख होतं. पुढे ते हवाईदलात गेलं आणि १९७६मध्ये नौदलाकडे आलं, समुद्रावर नजर ठेवायला.

पाऊस आडवा येत होता. मी छत्री सांभाळत फोटो काढत होते. काका मात्र विमानांच्या तोंडाकडे बघतही नव्हते. त्यांचं लक्ष पोटाखाली, चाकांच्या खाचेत, दाराच्या बिजागरीत. एका रिव्हेटपाशी ते थांबले. रंग छान होता, पण रिव्हेटच्या टोपीभोवती तो किंचित वर आला होता, भाजलेल्या पापडावर येतो तसा फोड. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. “हयच बघ. रंगाखाली सुरू झाला.” उघड्यावर, खाडीच्या आणि समुद्राच्या मधोमध वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या विमानाला इतकं होणारच. उडणाऱ्या विमानाला मात्र इतकंही होऊन चालत नाही, आणि ते होऊ न देणं हीच काकांची अर्धी नोकरी होती.

सी हॅरियरपाशी ते जरा सैलावले. ही विमानं १९८३च्या अखेरीस दाबोळीला आली आणि मे २०१६मध्ये निवृत्त झाली. मूळचं हॅरियर जमिनीवरून उडणाऱ्यांचं. त्याच्या पेगासस इंजिनाच्या कवचात मॅग्नेशियम होतं. मॅग्नेशियम हलकं खरं, पण समुद्राच्या हवेत ते विरघळणाऱ्या गोळीसारखं वागतं. म्हणून नौदलासाठी इंजिनाची वेगळी आवृत्ती निघाली, तिच्यात मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम. मिठाने इंजिनाचा आराखडा बदलायला लावला, असं म्हणायला हरकत नाही.

गंज नव्हे, लोणा

आपण सगळ्यालाच गंज म्हणतो. गंज लोखंडाचा, तो तांबडा, उघड आणि एका अर्थी प्रामाणिक. विमान मुख्यतः ॲल्युमिनियमचं. त्याचं खरं दुखणं भिंतीला लागणाऱ्या लोण्यासारखं आहे. आतून येतं, पांढऱ्या बुकटीच्या रूपाने येतं आणि दिसतं तेव्हा भिंत पोकळ झालेली असते. हँगरमध्ये मात्र सगळे ‘करोजन’च म्हणतात. “करोजन निघालं” हे वाक्य तिथे ‘ताप निघाला’च्या सुरात बोललं जातं.

शुद्ध ॲल्युमिनियम तसं सोशिक असतं. हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं चिलखत. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. त्याची पातेली होतात, विमान होत नाही. १९०६मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म या धातुतज्ज्ञाला ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलेला तुकडा नुसता ठेवून दिल्यावर आपोआप कठीण होताना आढळला. त्यातून ड्युराल्युमिन आलं आणि त्याच्या वंशात आजचा ‘२०२४’. हे साल नव्हे, मिश्रधातूचं नाव. त्यात तांबं साडेचार टक्क्यांच्या आत-बाहेर. पंखाच्या जाड भागांसाठी ‘७०७५’, त्यात जस्त. ताकद आली, पण सोशिकपणा गेला. कारण पत्र्यात आता तांब्याचे सूक्ष्म कण बसलेत. त्यावर ओल आली आणि ओलीत मीठ असलं की तांब्याचा कण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम मिळून एक चिमुकली बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. मिठातला क्लोराइड ऑक्साइडचं चिलखत जागोजाग फोडतो आणि टाचणीच्या टोकाएवढा खड्डा आत आत जातो.

यावर १९२०च्या दशकात जो तोडगा निघाला तो आपल्या आज्यांना लगेच कळला असता. कळकू नये म्हणून पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात, तशी मजबूत मिश्रधातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साय चढवायची. तिला ‘अल्क्लॅड’ म्हणतात. फरक इतकाच की कल्हईला ओरखडा गेला की पितळ उघडं पडतं. अल्क्लॅडची साय ओरखड्याच्या कडेला स्वतः झिजते आणि आतल्या पत्र्याला वाचवते. जस्ताचा मुलामा लोखंडासाठी हेच करतो.

एप्रिलमधली ती दुपार

या विषयाच्या माणसांशी बोलताना दहाव्या मिनिटाला ‘अलोहा’ हा शब्द येतोच.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७. २४,००० फुटांवर पुढच्या भागाचं छप्पर, जवळजवळ १८ फूट लांबीचं, निघून गेलं. पहिल्या रांगांतले प्रवासी पट्टे लावून उघड्या आभाळाखाली बसलेले. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली आणि ती पुन्हा सापडली नाही. वैमानिकांनी तेरा-एक मिनिटांत माउई बेटावर विमान उतरवलं. आत ९५ माणसं होती, ९४ परतली.

ते विमान १९ वर्षांचं होतं. बेटावरून बेटावर, वीस-पंचवीस मिनिटांची उड्डाणं, अशी ८९,६८० उड्डाणं त्याने केली होती. प्रत्येक उड्डाणात विमान फुग्यासारखं फुगतं आणि पुन्हा बसतं. तेही सतत खाऱ्या हवेत. पत्र्याची एक पट्टी दुसरीवर चढवून जोडतात तिथे सुरुवातीच्या ७३७ विमानांत एक चिकट कापड आणि रिव्हेटच्या तीन ओळी असत. कापड शीतपेटीतून काढून लावायचे. त्यावर दव धरलं तर चिकटणं कच्चं राहायचं. कच्च्या जागेत ओल शिरली, मीठ शिरलं, पांढरी बुकटी तयार झाली. बुकटीला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून ती दोन पत्रे एकमेकांपासून ढकलते. चिकटलेपणा सुटला की सगळा भार रिव्हेटवर. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, त्यात रिव्हेटची टोपी बसावी म्हणून केलेला उतार, त्याची कड सुरीसारखी. तिथून एकेका रिव्हेटला केसासारखी भेग. मग एके दिवशी सगळ्या भेगा एकमेकींना मिळाल्या.

मला सगळ्यात जास्त छळतात त्या या अपघाताच्या चौकशी-अहवालातल्या दोन गोष्टी. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्याला भेग दिसली होती. त्या कुणाला बोलल्या नाहीत. आपणही बोललो नसतो. दुसरी गोष्ट तपासनीसांची. सुमारे १,३०० रिव्हेट एकेक करून डोळ्यांनी पाहायचे, बरेचदा रात्री, हातात दिवा, परांचीवरून किंवा विमानाच्या पाठीवरून, पडू नये म्हणून कधी हँगरच्या तुळईला दोर बांधून. त्यांनी पाहिलं नाही असं नाही. हजाराव्या रिव्हेटवर डोळा काय बघतो, हा प्रश्न आहे. तांदूळ निवडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

त्यानंतर जुन्या विमानांसाठी गंजप्रतिबंधाचा सक्तीचा कार्यक्रम आला. करोजन निघालं की त्याची पायरी लिहायची. पहिली म्हणजे मर्यादेत आहे, साफ करा. दुसरी म्हणजे मर्यादा ओलांडली, भाग दुरुस्त करा किंवा बदला. तिसरी पायरी आली की ती एका विमानाची गोष्ट राहत नाही. त्या जातीच्या बाकीच्या विमानांकडेही तातडीने बघावं लागतं.

शौचालयाखाली

मुंबईत एका हँगरमध्ये जायला मिळालं. अट एवढीच की कंपनीचं आणि माणसांचं नाव येता कामा नये. आत एक विमान मोठ्या तपासणीसाठी उघडून ठेवलं होतं. खुर्च्या नाहीत, गालिचा नाही, जमिनीच्या फळ्या काढलेल्या, आडव्या तुळया उघड्या. मी समुद्राचं मीठ शोधत आले होते. ज्या तंत्रज्ञाबरोबर मला सोडलं होतं, तो कोल्हापूरकडचा तिशीतला तरुण. तो हसला. “समुद्र बाहेर राहतोय मॅडम. आतलं मीठ तुमचं-आमचंच.”

विमानात सर्वांत आधी सडतं ते स्वयंपाकघर आणि शौचालयाखालचं. सांडलेली कॉफी, संत्र्याचा रस, कोल्ड ड्रिंक, ताकाची पाकिटं, आणि घाईत नेम चुकलेली लघवी. हे सगळं फळीच्या फटीतून झिरपतं आणि तुळईवर बसतं. दाराच्या उंबऱ्यात पावसाचं पाणी येतं. सामानाच्या तळघरात मासे आले तर त्यांच्या पेट्यांतलं खारं पाणी. बॅटरीच्या कप्प्यात आम्ल. पारा तर सर्वांत वाईट. थर्मामीटर फुटून त्याचे थेंब पत्र्याला लागले तर ॲल्युमिनियमचं चिलखत पुन्हा धरतच नाही आणि धातू पिठासारखा होत जातो. विमानात पाऱ्यावर एवढी बंधनं असतात त्याचं कारण हे.

शिवाय आपला श्वास. वर बाहेर उणे पन्नास अंश, आत दीडशे माणसांचा ओलसर उच्छ्वास. ती वाफ थंड पत्र्याच्या आतल्या बाजूला बर्फ होऊन चिकटते. विमान मुंबईत उतरलं की वितळते, उबेच्या गाद्यांत मुरते, तळाशी उतरते. म्हणून विमानाच्या पोटाला भोकं असतात. वर असताना आतल्या दाबाने ती बंद होतात, जमिनीवर उघडतात आणि साचलेलं पाणी जाऊ देतात. त्यांत कापसाचा बोळा, पापडाचा चुरा, केसांची गुंतवळ अडकली की झालं. हे ऐकताना मला मिरगाआधी पन्हळीतला पाचोळा काढणारे काका डोळ्यांपुढे आले.

इंधनाच्या टाकीत तर वेगळंच राज्य. रॉकेलच्या जातीच्या इंधनात थोडं पाणी उतरतंच आणि ते तळाशी बसतं. पाणी आणि इंधनाच्या सीमेवर एक बुरशी वाढते. तिचा शेवाळी चिखल टाकीच्या तळाला चिकटतो आणि त्याच्याखाली आम्ल तयार होतं. त्यावरचा उपाय ऐकायला अगदीच साधा. टाकीच्या तळाची चावी उघडून काचेच्या बरणीत थोडं काढायचं, उजेडात धरून बघायचं, पाणी दिसलं तर निथळेपर्यंत काढत राहायचं.

टिचकी, नख, घासणी

“शोधता कसं?” या प्रश्नावर त्या तंत्रज्ञाने खिशातून टॉर्च, छोटा आरसा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलं. टॉर्च समोरून मारायची नाही, पत्र्याला जवळजवळ चिकटवून तिरपी धरायची. मग सपाट वाटणाऱ्या पत्र्यावर डोंगर-दऱ्या उठतात. दोन रिव्हेटच्या मधे पत्रा उशीसारखा फुगलेला दिसला तर खाली बुकटी आहे. रंगाखाली अळीने वाट काढावी तशा रेषा दिसल्या तर तो दोऱ्यासारखा पसरणारा प्रकार. रिव्हेटच्या मागे काळा धूर ओढल्यासारखा डाग असेल तर रिव्हेट ढिला होऊन घासतोय. आणि जाड, दाबून काढलेल्या भागाच्या कडेला पत्रा वहीच्या पानांसारखा सुटलेला दिसला तर सांभाळा. ते कणांच्या सीमेवरून आत शिरलेलं असतं आणि सर्वांत खोल तेच जातं.

मग नख. मग टिचकी. मधाच्या पोळ्यासारखी पोकळ रचना असलेल्या भागांवर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जायचं. टणक आवाज आला तर चांगलं, भद्द आला तर आत सुटलंय. माठ विकत घेताना आपण जे करतो तेच, फक्त इथे प्रत्येक इंचाला.

पुढे यंत्रं. पेन्सिलीसारखी एक कांडी पत्र्यावरून फिरवतात. तिच्यातल्या तारेच्या वेटोळ्यामुळे धातूत विजेचे भोवरे उठतात आणि भेग असली की भोवरा मोडून पडद्यावरचा ठिपका उडी मारतो. जाडी मोजायला जेल लावून ध्वनिलहरींची कांडी. सोनोग्राफी केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. क्ष-किरण रात्री, हँगर रिकामं करून. पण त्याचं म्हणणं, शंभरातली बहुतेक करोजनं टॉर्चनेच सापडतात. यंत्र लागतं ते ‘किती खोल’ हे कळायला.

काढायचं कसं, हे पाहताना मला माझ्या स्वयंपाकघरातल्या चुका आठवल्या. ॲल्युमिनियमवर तारेची घासणी कधीही चालत नाही. पोलादाचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि दोन धातू भेटले की तीच बॅटरी पुन्हा सुरू. इथे नायलॉनची घासणी, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कागद, कधी काचेच्या मण्यांचा मारा. आधी रंग काढायचा, मग बुकटी, मग तिच्याखालचा धातू उजळ आणि निरोगी दिसेपर्यंत घासायचं. थोडंही ठेवलं तर ते पुन्हा वाढतं. किडका दात काढताना दंतवैद्य जसं थोडं निरोगीही कोरतात, तसंच. खड्डा मात्र खड्डा ठेवायचा नाही. त्याला उथळ बशीचा आकार द्यायचा, खोलीच्या वीसएक पट लांब, कुठेही कड नको. भेगेला सुरुवात करायला कडच लागते. मग लाल रंगाचा पातळ द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारतात. भेग उरली असेल तर तिच्यातून लाल रेघ वर येते.

आणि मोजायचं. निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तकात प्रत्येक भागातून किती जाडी गेली तरी चालेल हे लिहिलेलं असतं. एक मिलिमीटरच्या पत्र्यातून दहावा हिस्सा म्हणजे कागदाची जाडी. तेवढ्यात भागलं नाही तर तुकडा कापून ठिगळ लावायचं, त्याला ‘डबलर’ म्हणतात. विमानात चढताना दाराच्या आसपास आयताकृती, रिव्हेटांच्या दाट ओळींची पट्टी दिसली तर घाबरू नका. कुणीतरी पाहिलं, मोजलं आणि ठिगळ लावलं, याची ती पावती असते.

पोलादाच्या भागांचा न्याय उलटा. चाकांच्या पायांचं पोलाद इतकं कणखर असतं की त्याला आम्ल लागलं तर गंज जातो, पण हायड्रोजन आत शिरतो. भाग चकचकीत दिसतो आणि दोन दिवसांनी भार आल्यावर काचेसारखा तडकतो. म्हणून मुलामा चढवल्यावर ते भाग भट्टीत तासन्‌तास भाजून काढतात, हायड्रोजन उडून जाण्यासाठी.

पोपटी रंगाची किंमत

विमानाचा आतला सांगाडा पोपटी-पिवळा का असतो, हे मला माहीत नव्हतं. तो क्रोमेटचा. घासलेल्या धातूवर आधी एक रासायनिक लेप देतात, त्याने पत्रा सोनेरी होतो. त्यावर क्रोमेटचा प्रायमर. ओरखडा गेला तर त्यातला क्रोमेट ओलीत थोडा विरघळतो आणि जखमेवर जाऊन बसतो. गेली ऐंशी-नव्वद वर्षं विमानं या रंगावर जगली. पण यातलं क्रोमियम ज्या रूपात असतं ते माणसाला कर्करोग देतं. विमान वाचवायचं आणि त्याला रंग देणाऱ्याची फुप्फुसं धोक्यात घालायची, असा हा सौदा. युरोपात त्यावर कडक निर्बंध आले आहेत, पर्यायी लेप येत आहेत. तरी तंत्रज्ञ सांगत होता, जुन्याचा भरवसा नव्याला अजून पूर्ण आलेला नाही. तो स्वतः मुखवटा लावूनच हे काम करतो. त्याचे आधीचे उस्ताद रुमाल बांधायचे.

प्रायमरवर रंग, सांध्यात रबरासारखा सीलंट, स्क्रूसुद्धा सीलंटमध्ये बुडवून बसवायचा, आणि शेवटी मेणाळ तेलाचा फवारा. तो फटीत शिरतो, पाण्याला बाजूला सारतो आणि सुकून पातळ साय धरतो. नव्या कार्बनच्या विमानांत हे दुखणं संपेल असं मला वाटलं होतं. संपत नाही, जागा बदलतं. कार्बनला ॲल्युमिनियम चिकटून बसलं की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजतं, म्हणून मधे काचतंतूंचा थर आणि टायटेनियमचे खिळे. कार्बनचा सांगाडा असल्यामुळे बोइंग ७८७मध्ये हवा जरा दमट ठेवता येते, एवढा फायदा प्रवाशांच्या कोरड्या नाकाला झाला.

गोड्या पाण्याची आंघोळ

परत वेंगुर्ल्याला गेले तेव्हा काकांना विचारलं, इतक्या रसायनांतलं सर्वांत मोठं औषध कुठलं? ते म्हणाले, “गोडा पाणी.” समुद्रावरून आलेलं विमान आधी धुवायचं, इंजिनाच्या पात्यांवरचंही मीठ धुवायचं, मग पुसायचं, मग तेल. विमानवाहू नौकेवर गोडं पाणी माणसांनाच पुरवून वापरायचं असतं, तरी विमानाचा वाटा ठेवलेला. जुहूच्या धावपट्टीवरून मुंबई हायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरांचंही तेच. त्यांच्यापैकी कित्येकांच्या गिअरबॉक्सचं कवच मॅग्नेशियमचं, म्हणजे मिठाला आमंत्रणच. “मीठ निजणा नाय गो,” काका म्हणाले. “तू निजलंस काय तेचा काम सुरू.”

नुसतं उभं राहणंही विमानाला सोसत नाही. टाळेबंदीत जगभर विमानं उभी होती. जुलै २०२०मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने तातडीचा आदेश काढला. सात किंवा अधिक दिवस सलग उभ्या राहिलेल्या ७३७ विमानांच्या इंजिनातली हवेची एक झडप तपासा. ती गंजून उघडीच अडकते आणि एकेक इंजिन बंद पडल्याच्या चार घटना घडल्यात. विमानं दीर्घकाळ ठेवायला अमेरिका, स्पेन, ऑस्ट्रेलियातले कोरडे प्रदेश निवडतात ते याचसाठी. कोकणात ठेवलं तर ते महिनाभरात हवामानाचं होतं.

फळी बसताना

मुंबईच्या हँगरमध्ये मी तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. मागच्या शौचालयाखालची तुळई, जिच्यावर मी पांढरी बुकटी पाहिली होती, ती आता पोपटी आणि कोरी होती. पहिली पायरी, पत्रकावर नोंद झालेली, वर सही आणि शिक्का. तो तरुण फळ्या बसवत होता. एकेक स्क्रू सीलंटमध्ये बुडवून, आवळून, बाहेर आलेलं पुसून. फळीखाली टॉर्च मारून त्याने एकदा शेवटचं बघितलं. पुन्हा ही जागा उजेडात यायला वर्षं जाणार.

शेवटचा स्क्रू बसला. हातमोजे काढत त्याने विचारलं, “मॅडम, तुम्ही विमानात चहा घेता?”

“घेते की.”

“झाकण लावून घ्या,” तो म्हणाला आणि पुढच्या फळीकडे वळला.